उंट येतो, गाय येत नाही

वामन : …आणि ‘सिट डाऊन’ म्हटल्यावर एकही पोर बसलं नाही, हे लिहिलंय का त्यांनी?

वंदना : पहिलंच वाक्य ते आहे, सर. “विद्यार्थी पंधरा मिनिटं उभे होते.”

वामन : बारा. मी घड्याळाकडे बघत होतो. दुसरं बघण्यासारखं काही नव्हतं.

वंदना : सर, आधी माझं ऐकून घ्या. परीक्षक साहेब हेडमास्तरांकडे चहाला गेलेत, शनवारा पेठेत. साडेचारला त्यांचा टांगा शाळेवरून स्टेशनला जाणार. वाटेत हे कागद घेणार. तेवढ्यात मार्गदर्शिका म्हणून माझी सही आणि विद्यार्थी-शिक्षक म्हणून तुमची, एवढं व्हायला पाहिजे.

वामन : विद्यार्थी-शिक्षक, वय एकोणपन्नास.

वंदना : फॉर्मवर वयाचा रकाना नाही.

वामन : आणि याच खोलीशेजारच्या वर्गात मी तुला… तुम्हाला, बाई, चार वर्षं इंग्रजी शिकवलं, त्याला रकाना आहे?

वंदना : आहे. “उभयतांचा पूर्वीचा संबंध असल्यास.” मी त्यात ‘नाही’ लिहिलंय. नाहीतर मला तुमच्यावर नेमलंच नसतं. दुसरं कुणी आलं असतं, कडक.

वामन : बरं केलंत. तसाही आपला संबंध कुठं उरला? तुम्ही ट्रेंड, मी अनट्रेंड. नव्या राज्याची यादी बघितली ना? सगळ्या भागांतल्या मास्तरांची एकच यादी केली, विलीनीकरण का काय ते. मी तेवीस वर्षं याच खुर्चीत बसलोय. राजधानी मात्र नागपूरहून उठून भोपाळला गेली. आणि प्रवासात माझी नोकरी हरवली. यादीत माझ्या वरच्या नंबरावर कै. उखर्डू पाटील आहेत.

वंदना : कै. म्हणजे वारलेले?

वामन : तीन वर्षं झाली. पण ट्रेनिंग केलेलं होतं त्यांनी. हुकूम स्पष्ट आहे: मार्चपर्यंत प्रमाणपत्र, नाहीतर प्राथमिक शाळा. माझी शाळासुद्धा ठरवून ठेवलीय. नेपानगरच्या पलीकडे, जंगलात, एक खोली. मी काही नको म्हणत नाही. पहिलीची पोरं गोड असतात. पण आमच्या हिचा, लीलाचा, दमा तिकडं कुणाला सांगू? इथं धाप लागली की बुधवाऱ्यातून शनवारा, आठ मिनिटांत डॉक्टर. तिकडं आठ मिनिटांत दुसरं सागाचं झाड येतं.

वंदना : सर…

वामन : कोट काढतो आता. लग्नातला आहे. लीलानं सकाळी दोनदा झटकून दिला. नापास होताना एवढं उकडून घ्यायचं काय कारण?

वंदना : तुम्ही नापास नाही आहात, सर. चौऱ्याहत्तर आहेत.

वामन : कुणाचं वय?

वंदना : तुमचे गुण. शंभरापैकी. या केंद्रावर सगळ्यात जास्त. माझे अडुसष्ट होते.

वामन : बाई, कागद उलटा धरला असेल.

वंदना : “अध्यापन-कौशल्य विलक्षण.” लाल शाईत आहे. ‘विलक्षण’खाली रेघ आहे.

वामन : मला मॅट्रिकला बेचाळीस होते. तेसुद्धा सावकाश मोजले तेव्हा.

वंदना : आता मला नीट सांगा. मी मागच्या बाकावर होते, सगळं बघितलं, आणि तरी मला काही कळलं नाही. हीच ती आठवी ब, बेचाळीस पोरं. मी मागच्या महिन्यात पाठ बघायला आले तेव्हा एकेक वाक्य कसं झोकात बोलत होती. आज एकदम सगळ्यांना काय झालं? निंबाला स्वतःचं नाव सांगता येईना?

वामन : तुम्ही म्हणाला होतात, परीक्षेचा पाठ नवा पाहिजे. वर्गानं आधी शिकलेला चालत नाही.

वंदना : नियमच आहे तो.

वामन : मी म्हटलं, बाई, मी दरवर्षी संक्रांतीला पुस्तक संपवतो. तिळगूळ आणि शेवटचा धडा एकाच दिवशी. तेवीस वर्षांत एकदा चुकलं नाही. आता फाल्गुनात नवा धडा कुठून आणू? तुम्ही काय म्हणालात?

वंदना : मी म्हटलं, “सर, बघा काहीतरी.”

वामन : मी बघितलं. काल शेवटच्या तासाला वर्गाला म्हणालो, उद्या उंटाचा धडा आपण पहिल्यांदाच शिकायचा. कुणाला काही येत नाही असं समजा. मध्येच मी चष्मा काढून पुसीन. पुसला, की येऊ द्या.

वंदना : अरे देवा.

वामन : मी हे उंटापुरतं सांगितलं होतं. पोरांनी ते अख्ख्या इंग्रजीला लावलं.

वंदना : म्हणून ‘सिट डाऊन’…

वामन : ‘सिट डाऊन’ इंग्रजीच आहे ना? समजलं, तर येतंय असं दिसणार. उभे राहिले. शेवटी साहेबांनी हातानं बसा केलं, तेव्हा बसले. हात इंग्रजीत येत नाही. माझा मॉनिटर कौतिक आहे ना, त्यानं म्हणे संध्याकाळी नदीवर सगळ्यांना शपथ घातली. जो उद्या तोंड उघडेल, तो सरांना जंगलात पाठवेल.

वंदना : त्यांना माहीत आहे? जंगलाचं?

वामन : बुऱ्हानपुरात कुणाला माहीत नाही, बाई? माझ्या बदलीची बातमी मला दूधवाल्यानं दिली.

वंदना : पण निंबाला साहेबांनी हिंदीत विचारलं होतं, “बेटा, तुम्हारा नाम क्या है?”

वामन : हो. त्यानं आधी छताकडे बघितलं, मग जमिनीकडे. मग शेजारच्या गोटूकडे बघितलं, जसं काही निंबाचं नाव गोटूनं कुठं ठेवलंय. हिंदीचं मी काहीच बोललो नव्हतो. त्यानं स्वतःच्या जबाबदारीवर तेही बंद ठेवलं. हुशार आहे पोरगा.

वंदना : “एका विद्यार्थ्यास स्वतःचे नाव माहीत नाही.” चौथा मुद्दा.

वामन : आणि मग मला घाम फुटला. घाम चष्म्यावर आला. पाठाच्या टाचणात चष्मा विसाव्या मिनिटाला होता, मी तो तेराव्यालाच पुसला. चुकून. उंटाचं चित्र अजून टांगतोय, निम्मंच उलगडलंय, नुसती मान आणि तोंड. आणि बेचाळीस पोरं एकदम सुटली! सगळा धडा. शेवटच्या परिच्छेदासकट. स्वल्पविरामाला थांबून. मी उंटाचे पाय उलगडेपर्यंत ती त्याला पाणी पाजून मोकळी झाली होती.

वंदना : साहेब उभे राहिले तेव्हा मला वाटलं, संपलं. पण त्यांनी तुमचा हात हातात घेतला.

वामन : डोळ्यात पाणी होतं त्यांच्या. त्यांना वाटलं, अख्खा धडा मी तेरा मिनिटांत शिकवला. मला लाज वाटली, पण हात सोडवून कसा घेणार? पद्धतीत बसत नाही.

वंदना : आणि त्यांनी जाता जाता विचारलं, गाईला पाय किती?

वामन : ते इंग्रजीत विचारलं. गाय टाचणात नव्हती.

दगा : येऊ का आत, सर? बाई, तुम्ही बी आहेत काय. घंटी देऊन अर्धा तास झाला. आठवी ब घरी नाही जाऊन राहिली.

वंदना : म्हणजे? काय करतायत?

दगा : काही नाही करत. चूपचाप बसेल आहेत. तीस वर्सं झाले मले घंटी देता देता, पोरं घंटी झाल्यावर बसेल असं म्या पाह्यलं नाही. गंमत म्हनून निंब्याले इचारलं, का रे, नाव काय तुझं? तं वर पाहून राहिला.

वामन : दगाबाबा, त्यांना म्हणावं, थोडं थांबा.

दगा : ते थांबेलच आहेत, सर. म्या तेच सांगून राहिलो.

वामन : मग म्हणावं, आणखी थोडं.

वंदना : सर, सोडून द्या की त्यांना घरी. आणि इथं सही करा. ही दौत.

वामन : करतो. मघापासून उगाच कोट घालून बसलोय. कुठं? इथं? …हा मागचा कागद कसला?

वंदना : तो वेगळा आहे. तुमच्या निकालाशी त्याचा संबंध नाही.

वामन : माझ्या सहीची जागा त्याच्यावरही आहे.

वंदना : तो वर्गाचा अहवाल. नवीन काढलाय या वर्षीपासून. प्रत्येक वर्गाची पातळी भोपाळला कळवायची. करून टाका सही, सर.

वामन : वाचून दाखवा.

वंदना : काय वाचायचं त्यात?

वामन : वंदे, वाच.

वंदना : “आठवी ब, मराठी माध्यम. इंग्रजीचे आरंभिक ज्ञान शून्य. अध्यापक अत्यंत कुशल असूनही तासभरात एकच प्राणी शिकवू शकले. उंट येतो, गाय येत नाही. या गतीने अध्यापकाचे श्रम व्यर्थ जात आहेत. शिफारस: येत्या सत्रापासून या वर्गाचे इंग्रजी बंद करून त्याऐवजी सूतकताई द्यावी.”

वामन : सूतकताई.

वंदना : शिफारस आहे नुसती.

वामन : आणि मॅट्रिकला?

वंदना : इंग्रजी नसेल तर… बिगर-इंग्रजी मॅट्रिक. चालतं ते.

वामन : कुठं चालतं? कॉलेज घेतं?

वंदना : नाही घेत. सर, पण हे कागद भोपाळला जाऊन पडतात नुसते. कोण वाचतं? मतलब, हजार शाळांचे हजार कागद. हरवून जाईल कुठंतरी.

वामन : माझी तेवीस वर्षं हरवली. पण बेचाळीस साली मी एकदा पाऊण तास उशिरा आलो होतो, त्याचा शेरा भोपाळला वेळेवर पोचला. यादीत आहे, माझ्या नावापुढे.

वंदना : मग काय करायचं म्हणता? साहेबांना जाऊन सांगायचं, की आम्ही नाटक केलं?

वामन : नाही नाही. मी कुठं तसं म्हणतोय? मला चौऱ्याहत्तर मिळालेत. मी फक्त विचारतोय.

वंदना : विचारू नका. लीलाकाकूंचा विचार करा. पोरांचं पुढं बघता येईल. तुम्ही या शाळेत राहिलात तर तुम्हीच शिकवाल ना त्यांना? चोरून शिकवा. सूतकताईच्या तासाला शिकवा.

वामन : हातात चरखा आणि तोंडात उंट.

वंदना : चेष्टा नका करू सर.

वामन : चेष्टा नाही, जमवून बघतोय. निंबाला काय सांगू? बुधवाऱ्यात कुणाची इंग्रजी तार आली की पोस्टमन घर शोधत नाही, आधी निंबाला हाक मारतो. सरुबाईचा जावई वारला ती तार त्यानंच वाचली. मोठ्यानं वाचली नाही. आधी म्हातारीला पाटावर बसवलं, पाणी दिलं, मग सांगितलं. त्याच्याविषयी इथं लिहिलंय, स्वतःचं नाव माहीत नाही.

वंदना : मला माहीत आहे निंबा.

वामन : आणि गोटू. कपाशीवर मारायच्या औषधाच्या डब्यावर सगळं इंग्रजी असतं. त्याच्या काकानं आधी अंदाजानं मारलं तर अर्धं शेत जळलं. यंदा गोटूनं डबा वाचून दिला. नऊ शब्द अडले, ते वहीत लिहून माझ्याकडे आला. त्यातले चार मलाही येत नव्हते. आम्ही दोघांनी शब्दकोश काढला.

वंदना : सर, मला हे सगळं कशाला सांगताय? शेरा मी लिहिलेला नाही!

वामन : ओरडू नका, बाई. तुम्ही मार्गदर्शिका आहात.

वंदना : ओरडत नाही. मला… माझी नेमणूक मे अखेरपर्यंत आहे. टेंपरवारी. आणि टाचणाच्या वहीत माझ्या अक्षरात लिहिलेलं आहे, “पाठ नवीन आहे, खात्री केली.” तुम्ही जाऊन खरं सांगितलं की साहेबांचा पहिला प्रश्न मला असेल. खात्री कशी केली?

वामन : हां. ते माझ्या लक्षात नव्हतं आलं.

वंदना : माझ्या सकाळपासून आहे.

वामन : मग राहू दे. खरंच राहू दे. आण ती दौत. इथंच ना? कारकून नेहमी म्हणतो, संपूर्ण नाव पाहिजे. वा… म… न…

दगा : सर.

वामन : आता काय, बाबा?

दगा : ते काही आयकत नाहीत. म्या म्हनलं, जा घरी, ढोरं बांधायची येळ झाली. तं कौतिक मले बाजूले घेऊन इचारतो, दगाबाबा, सरानं चष्मा पुसला का? म्या म्हनलं, सकाळीच पुसला म्हनतात ना. तं म्हने, तो उंटाचा. बाकीचा पुसायचा राह्यला.

वामन : बाकीचा.

दगा : हो. म्हने, उंट तं येऊ दिला, बाकीचं आमाले अजून येत नाही. सर चष्मा पुसतील तवा येईल. मालू तं रडाले लागली. तिले घरी भाऊ इचारीन आज काय शिकली, अन् तिले सांगता येत नाही. कारन तिले येत नाही म्हनते. चष्म्याचं काय हाये हे?

वंदना : काही नाही, दगाबाबा.

दगा : काही नाही कसं? बेचाळीस पोरं बसेल आहेत. अन् एक सांगतो बाई, खूश आहेत ते. त्याइले वाटतं सरानं जिंकलं. इचारत होते, पास झाले का सर? म्या काय सांगू?

वामन : सांग, झाले. चौऱ्याहत्तर.

दगा : मस्त! सांगतो.

वामन : थांब. नको सांगूस. टांगा दिसला का कुठं?

दगा : नाही अजून. वाजतीन सव्वाचार.

वामन : फाटकाशी उभा राहा. टांगा आला की साहेबांना म्हणावं, कागद वर्गात आहेत. आठवी बमध्ये. दोन मिनिटं आत यावं लागेल.

वंदना : सर!

वामन : गाय विचारा म्हणू त्यांना. म्हैस विचारा. रेल्वे, तापी नदी, जे वाटेल ते. निंबाला नाव विचारा.

वंदना : पोरं धडाधड उत्तरं देतील.

वामन : देतीलच.

वंदना : मग साहेबांना सगळं कळेल. शून्य देतील.

वामन : शून्य नाही. फळ्यावरच्या अक्षराचे आठ ठेवतील. अक्षर माझं आहे, त्यात नाटक नाही. तुमचं मात्र मी बघतो. मी सांगेन, बाईंना मी फसवलं. वही खोटी दाखवली.

वंदना : आणि मी फसले? अडुसष्ट गुणांची मार्गदर्शिका, मागच्या बाकावर बसून फसले?

वामन : फसतात माणसं. साहेब फसले की.

वंदना : साहेब तुमच्या वर्गात शिकले नव्हते. मला उंट कुणी शिकवला, सर? तेव्हासुद्धा हाच धडा होता, हेच चित्र होतं, याच्या मानेला तेव्हाही हीच घडी पडलेली होती. या शाळेतली मी तिसरी मुलगी. दादा, माझे वडील, म्हणत होते, हिला शिवण शिकवा. तुम्ही घरी येऊन काय बोललात, आठवतं?

वामन : नाही.

वंदना : तुम्ही म्हणालात, शिवण कधीही येतं, आधी मॅट्रिक होऊ दे, मग ती तुमच्यासमोर इंग्रजीत शिवेल. दादांना काही कळलं नाही. म्हणून हो म्हणाले.

वामन : मी असं बोललो? काही अर्थ नाही त्याला.

वंदना : नाहीच. द्या तो कागद इकडं.

वामन : काय करतेस? अगं, शाई… वंदे, खोडाखोड चालत नाही फॉर्मवर!

वंदना : बाजूला लहान सही केली की चालते. “पूर्वीचा संबंध” इथं ‘नाही’ होतं. आता, “आहे. यांनी मला इंग्रजी शिकवले.” आणि मार्गदर्शिकेचा शेरा: “पाठ नवीन नव्हता. हे मला माहीत होते.”

वामन : मे अखेरपर्यंत होती ना गं तुझी नेमणूक?

वंदना : आता बहुतेक साडेचारपर्यंत आहे.

वामन : वेडी आहेस.

वंदना : तुमची सही अर्धीच झालीय, सर. नुसतं ‘वामन’ आहे.

वामन : राहू दे तेवढंच. जंगलातल्या शाळेत आडनाव कोण विचारतंय? लीलाला काय सांगायचं ते मात्र टाचणात नाही.

वंदना : मी येते बरोबर.

वामन : ये. तू असलीस की ती आधी चहा टाकते, मग रडते. मी एकटा गेलो की उलटं.

(बाहेर टांग्याच्या घुंगरांचा आवाज.)

दगा : सर, आला टांगा. साहेब उतरून राहिले. म्हनतात, बहोत खूब, उस वर्ग को फिर देखना ही था. हासून राहिले. अन् पोराइले म्या सांगतलं का सर येऊन राहिले, तं सगळे एकदम उभे झाले. बसा म्हनलं तं बसत नाहीत.

वामन : मराठीत सांगितलंस?

दगा : मराठीतच तं!

वामन : मग आता मलाच गेलं पाहिजे. वंदना, बघ गं, चष्मा कसा आहे.

वंदना : स्वच्छ आहे, सर. अगदी स्वच्छ.

वामन : असू दे. पुसतो.